आपल्याच घरातलं परकं कुलूप

आजवर मी इथे पोस्टिंगच्या गावांबद्दल, तिथल्या माणसांबद्दल, फार तर मेसमधल्या वादांबद्दल लिहीत आलो. आजचा विषय तीस वर्षं जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्राचा आहे. काही ज्येष्ठ वाचक कपाळाला आठ्या घालतील, याची कल्पना आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण विषय खेळाचा असला तरी प्रश्न मालकीचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. यंत्र तुम्ही पैसे मोजून घेतलंत. खेळही पैसे मोजून घेतलात. दोन्ही अस्सल. तरीही एक जपानमध्ये विकलं गेलं आणि दुसरं भारतात, एवढ्याच कारणाने ते एकमेकांशी जुळू नयेत म्हणून कंपनीने मध्ये कुलूप घातलं असेल, तर ते उघडण्याचा हक्क घरमालकाचा आहे. ही चोरी नव्हे, दुरुस्ती आहे. आणि आपल्या कायद्याने हे एका स्वच्छ वाक्यात सांगायला हवं.

हा विषय डोक्यात आला तो नोएडामुळे. तिथे अरुण विहारमध्ये निवृत्त फौजींची मोठी वस्ती आहे. ईएमईमधून निवृत्त झालेले एक मराठी कर्नलसाहेब तिथे राहतात. महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांच्याकडे पोहे आणि जुन्या गोष्टी, हा माझा दिल्लीतला शिरस्ता. मुलं लहान असताना त्यांनी सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह घेतलं होतं. हे यंत्र १९९५ मध्ये भारतात अधिकृतपणे विकायला आणलं शॉ वॉलेसने. होय, तेच शॉ वॉलेस, ज्यांचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी कॅन्टीनच्या बाटलीवरच वाचलंय. किंमत सुमारे १८,००० रुपये. तेव्हाच्या मेजरच्या पगारात ही चैनच होती. नवी स्कूटर पुढे ढकलून ती केली गेली. यंत्र आजही चालतं, कारण ते एका ईएमईवाल्याच्या घरात आहे.

त्यांची मुलगी आता टोकियोत असते. या उन्हाळ्यात ती आली तेव्हा तिच्या अकरा वर्षांच्या मुलाने तिकडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आजोबांच्या यंत्रासाठी चार-पाच कॅसेट आणल्या. त्यांत एक होती ‘मॉन्स्टर वर्ल्ड ४’. हा खेळ १९९४ मध्ये फक्त जपानमध्ये निघाला. इंग्रजीत अधिकृतपणे यायला २०१२ उजाडलं. त्यातल्या नायिकेचं नाव आशा. नातू घरात मराठी बोलतो, शाळेत जपानी वाचतो. पडद्यावरचं जपानी तो वाचून आजोबांना मराठीत सांगणार, असा बेत होता.

पण कॅसेट खाचेत जाईना.

आता इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण कुलूप म्हणजे नेमकं काय हे कळल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही. मेगा ड्राइव्हला तीन अडसर आहेत. पहिला निव्वळ प्लॅस्टिकचा. जपानी कॅसेटचा आकार कडेला गोलसर आणि रुंद, बाहेरच्या देशांतल्या यंत्राची खाच अरुंद. आतल्या धातूच्या पट्ट्या त्याच, जोडणी तीच, फक्त प्लॅस्टिक आडवं येतं. दुसरा अडसर टीव्हीचा. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र. जपान आणि अमेरिकेत ६०. साठच्या हिशोबाने बांधलेला खेळ पन्नासच्या यंत्रावर घातला की तो सुमारे १७ टक्के हळू चालतो, संगीतही रेंगाळतं आणि पडद्यावर वर-खाली काळे पट्टे येतात. तिसरा अडसर पुढच्या काळातल्या काही खेळांनी स्वतःच घातलेला: यंत्र कुठल्या प्रदेशाचं आहे ते तपासायचं आणि परकं दिसलं की ‘हा खेळ या यंत्रासाठी नाही’ असा संदेश दाखवून थांबायचं.

आणि हे यंत्र स्वतःचा प्रदेश ओळखतं कसं? आतल्या बोर्डावर दोन जागी तारेची जोडणी अशी किंवा तशी केलेली असते. एक जोडणी सांगते जपान की परदेश, दुसरी सांगते पन्नास की साठ. कारखान्यात एकच बोर्ड तयार होतो आणि या दोन तारांवर ठरतं की तो कुठल्या देशाचा नागरिक. त्या जागी दोन छोटी बटणं बसवली की तेच यंत्र हवं तेव्हा जपानी, हवं तेव्हा भारतीय. यात चित्राची, संगीताची, खेळाची कसलीही नक्कल होत नाही.

दुसऱ्या कंपनीचं उदाहरण तर याहून मजेशीर आहे. निन्टेन्डोच्या अमेरिकी सुपर निन्टेन्डोमध्ये जपानी कॅसेट जाऊ नये म्हणून खाचेत प्लॅस्टिकचे दोन खुंट ठेवलेले आहेत. आतली कुलपाची चिप दोन्ही देशांत एकाच भाषेत बोलते. पकडीने ते दोन खुंट मोडले की काम झालं. पॅसिफिक महासागराच्या दोन तीरांवरच्या बाजारांमधली सरहद्द म्हणजे बोटाच्या पेराएवढे दोन खुंट!

कर्नलसाहेब आधी घराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने यंत्र हातातही घेतलं नाही. ‘फेंक दो साहब, मोबाइल पे सब आता है,’ असं म्हणाला. मग आम्ही दोघं लाल किल्ल्यासमोरच्या लजपत राय मार्केटमध्ये गेलो. तिथे एका गाळ्यात सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बसलेल्या कारागिराने पाच मिनिटं बोर्ड उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, दोन बटणं, चार तारा, थोडी कानस. आता हात थरथरतात म्हणून साहेबांनी स्वतः सोल्डर धरलं नाही, पण देखरेख मात्र वर्कशॉपच्या कमांडिंग ऑफिसरसारखी केली.

काम सुरू होण्याआधी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “अरे, हे कायद्यात बसतं ना? बत्तीस वर्षांच्या नोकरीत वाकडं काही केलं नाही. आता सत्तरीत नातवासाठी करायचं नाही.”

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. गणवेशातला माणूस ‘सगळेच करतात’ हे उत्तर देऊ शकत नाही. म्हणून मी कायदा वाचला. मी वकील नाही. पण मिलिटरी लॉचे पेपर दिलेल्या माणसाला कलम, उपकलम आणि परंतुक यांची भीती उरलेली नसते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५१ मध्ये परदेशातून नकला आयात करण्याबद्दल बंधन आहे. पण त्याच कलमाला एक परंतुक जोडलेलं आहे: आयात करणाऱ्याच्या खासगी आणि घरगुती वापरासाठी कोणत्याही कृतीची एक प्रत आणली तर हे बंधन लागू नाही. म्हणजे नातवाने आणलेली एकेक कॅसेट सरळ कायद्यात बसते. धंद्याची गोष्ट निराळी. परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी इथे आणून भाड्याने देणाऱ्याच्या विरोधात वॉर्नर ब्रदर्सने दावा लावला होता, त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. दुकान आणि घर यांतला हा फरक मला मान्य आहे.

आता कुलपाकडे येऊ. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ६५-अ आलं. हक्कांच्या रक्षणासाठी बसवलेला तांत्रिक उपाय, त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने जो मोडेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा. शिवाय पुढच्याच उपकलमात म्हटलंय की या कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी असं काही करायला आडकाठी नाही. स्वतःची अस्सल कॅसेट स्वतःच्या अस्सल यंत्रावर खेळणं, याला मनाई करणारं कलम मला कायद्यात सापडलं नाही. साहेबांना मी तेवढंच सांगितलं.

पण तिथे एक शेपूटही आहे. अशा कामात जो दुसऱ्याला मदत करेल, त्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख आणि कामाचं कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. हे ऐकताच कर्नलसाहेबांचे डोळे चमकले. त्यांनी कारागिराला वही मागितली. त्याने पोराची शाळेची वही काढून दिली. तिच्या मागच्या पानावर साहेबांनी सुवाच्य अक्षरात नाव, हुद्दा, पत्ता, कारण लिहिलं आणि तारखेसह सही ठोकली. कारागीर बघतच राहिला. त्याच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं, आणि असं काही कलम आहे हेही तो पहिल्यांदाच ऐकत होता.

आम्ही हसलो खरे, पण माझा आक्षेप नेमका इथेच आहे. कायदा घरमालकाला ‘चालेल’ म्हणतो तेही आडवळणाने, आणि ओझं टाकतो त्या गाळ्यातल्या कारागिरावर. उद्या धाड पडली तर हेतू काय होता, कुलूप कशाचं होतं, हे तो कुणाला आणि कोणत्या भाषेत समजावणार?

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. तेही खोटं नाही. दिल्लीत ‘गेम मॉडिफाय’ म्हटलं की लोकांना आठवतो तो कॅनॉट प्लेसच्या पोटातला पालिका बाजार. प्लेस्टेशन तिथे चिप लावूनच मिळायचं आणि सोबत नकली डिस्कची चळत. अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत पालिका बाजार, नेहरू प्लेस, गफार मार्केट ही आपल्या राजधानीतली नावं झळकलेली आहेत. नकली डिस्क ही चोरी आहे. त्याबद्दल माझं दुमत नाही. आज पुण्या-बंगळुरात आपली मुलं खेळ बनवून पोट भरतात, तेव्हा तर अजिबात नाही.

पण चिपने दोन्ही कामं एकदम का केली, हे पाहायला हवं. प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कवर आतल्या कडेच्या खोबणीत एक बारीक नागमोडी हेलकावा असतो. त्यात चार अक्षरांचा संकेत लपवलेला असतो: जपानसाठी एक, अमेरिकेसाठी दुसरा, युरोपसाठी तिसरा. घरच्या सीडी रायटरला तो हेलकावा उमटवता येत नाही, म्हणून नकली डिस्क नाकारली जाते. आणि संकेत दुसऱ्या प्रदेशाचा असला, म्हणून परदेशातली अस्सल डिस्कही नाकारली जाते. चिप एवढंच करते की यंत्राला अपेक्षित अक्षरं स्वतःच ऐकवते. मग नकली डिस्कही चालते आणि परदेशी अस्सलही.

म्हणजे चोराला अडवणारा दरवाजा आणि पाहुण्याला अडवणारा दरवाजा, दोन्हींना कंपनीने एकच किल्ली ठेवली. पाहुण्यासाठी दार उघडायला गेलेल्या यजमानाला मग चोराचा साथीदार ठरवणं सोपं झालं. ही गुंफण गिऱ्हाइकाने केलेली नाही. मेगा ड्राइव्हच्या खाचेत, सुपर निन्टेन्डोच्या खुंटांत नकलेचा काही संबंधच नव्हता. तिथे निव्वळ बाजाराच्या वाटण्या होत्या. एका देशात खेळ आधी काढायचा, दुसऱ्यात वर्षभराने, तिसऱ्यात वेगळ्या किमतीला, आणि चौथ्यात कधीच नाही. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपण असेल. पण कंपनीच्या वेळापत्रकाचं रक्षण करणं हे फौजदारी कायद्याचं काम नाही.

यातली एक विसंगती माझ्या पिढीने लहानपणीच पाहिलीय. नव्वदच्या दशकात गावोगावी उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हिडिओ गेम भाड्याने मिळायचे. मारिओ, कॉन्ट्रा, एका कॅसेटमध्ये म्हणे हजारो खेळ. ती यंत्रं निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. अमेरिकेत तेच यंत्र १९८५ मध्ये नेताना कंपनीने कॅसेटच्या पिना ६० वरून ७२ केल्या आणि आत कुलपाची चिप घातली. नकला मात्र बिनकुलपाच्या साठ पिनांवरच बनत राहिल्या. म्हणजे ज्याने नक्कल घेतली त्याला कुलूप कधी भेटलंच नाही, आणि ज्याने शॉ वॉलेसला १८,००० रुपये मोजले त्याच्या यंत्राला तीन-तीन अडसर. प्रामाणिक गिऱ्हाइकालाच जे कुलूप आडवं येतं, त्याला सुरक्षा म्हणायचं कसं?

कंपन्यांनाही हे पुढे कळलं असावं. २००६ च्या प्लेस्टेशन ३ वर जवळजवळ सगळे खेळ प्रदेशमुक्त होते. निन्टेन्डोने २०११ च्या थ्रीडीएसला कुलूप घातलं, पण २०१७ च्या स्विचला घातलं नाही. जपानची कॅसेट आज नोएडातल्या स्विचमध्ये बिनबोभाट चालते. त्याने निन्टेन्डोचं दिवाळं वाजलेलं नाही. जे कुलूप खुद्द मालकांनी सोडून दिलं, ते तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर पवित्र मानत बसायचं कारण काय?

कायद्याने काय म्हणायला हवं, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. प्लेस्टेशनच्या चिपवरून सोनीने तिथे एका विक्रेत्यावर दावा लावला, तो सर्वोच्च पातळीवर गेला आणि २००५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने सोनीच्या विरोधात निकाल दिला. पुढे अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारामुळे ऑस्ट्रेलियाला कायदा कडक करावा लागला. पण २००६ ची ती दुरुस्ती करताना त्यांनी एक अपवाद लिहून ठेवला. परदेशात घेतलेली चित्रपटाची किंवा संगणक खेळाची अस्सल प्रत देशात चालू नये म्हणून बाजार वाटून घेणारं जे कुलूप असतं, ते संरक्षित तांत्रिक उपायांत मोडत नाही. बस, एवढंच. नकलेविरुद्धचं संरक्षण शाबूत, घरमालक मोकळा आणि कारागीरही मोकळा. कलम ६५-अ मध्ये आपण असं एक वाक्य घालू शकत नाही का?

दिल्लीत सध्या ‘दुरुस्तीचा हक्क’ हा शब्द ऐकू येतो. २०२२ च्या जुलैत ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात संकेतस्थळही सुरू झालं. पाऊल चांगलं आहे. पण त्यातली चर्चा मुख्यतः सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती यांच्याभोवती फिरते. वस्तू धडधाकट आहे आणि केवळ कंपनीच्या मर्जीमुळे चालत नाही, हा प्रकारही त्याच हक्कात यायला हवा. बिघडलेलं यंत्र आणि अडवलेलं यंत्र, मालकाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच.

यात आणखी एक गोष्ट पणाला लागलेली आहे, ती म्हणजे हात. ईएमईचं ब्रीद आहे ‘कर्म ही धर्म’. दिल्ली कॅन्टमधलं ५०५ असो की खडकीचं ५१२, बेस वर्कशॉपमध्ये ज्याने काम पाहिलंय त्याला ठाऊक आहे की परक्या देशात बनलेली वस्तू आपल्या मातीत वर्षानुवर्षं चालते ती ती उघडणाऱ्या माणसामुळे. जी वस्तू उघडता येत नाही, ती पैसे देऊनही पूर्ण आपली होत नाही. लजपत राय मार्केटच्या गाळ्यातला तो कारागीर त्याच जातीचा. आकृती हातात नसताना बोर्डवरची वाट बोटाने शोधणारा. त्याच्या कामाला ‘जुगाड’ म्हणून हसण्यावारी नेणं किंवा ‘पायरसी’ म्हणून मोडीत काढणं, दोन्ही अन्यायच. अशी माणसं उठली की उरतो एकच रस्ता: यंत्र सीलमपूरला जाणार, जिथे तारा जाळून आणि बोर्ड तेजाबात बुडवून तांबं काढतात. चालतं यंत्र तिकडे पाठवण्यापेक्षा दोन बटणं बसवणं केव्हाही शहाणपणाचं.

ज्यांच्या माळ्यावर असं एखादं यंत्र पडून आहे, त्यांना दोन सूचना. परदेशातून आणलेलं यंत्र असेल तर त्याचा अडॅप्टर इथल्या भिंतीत खुपसू नका. जपानचा १०० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर क्षणात जळेल. नवा घेताना व्होल्टेजबरोबर पिनेचं आतलं टोक ऋण आहे की धन हेही पाहा. या जुन्या यंत्रांत बऱ्याचदा ते ऋण असतं. आणि साध्या पेचकसाने पेच उघडत नाही म्हणून जोर लावू नका. साडेचार मिलिमीटरचं खास हत्यार बाजारात मिळतं. पेचाला सुद्धा कुलूप घातलंय, हे त्यावरून लक्षात येईलच.

आणि काम कुणाकडून करून घेतलंत तर कर्नलसाहेबांसारखी वहीत नोंद करा. कायदा बदलेपर्यंत त्या कारागिराचं संरक्षण म्हणजे तुमची सही. वापरा मात्र अस्सल कॅसेटच. आपल्या हक्काची भाषा बोलायची तर आपले हातही स्वच्छ असायला हवेत, हे या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.